पुणतांब्याचा राम आणि आमच्या मेसची पेटी

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये कूलरशेजारी जी पुठ्ठ्याची पेटी असायची, तिच्यातल्या चिठ्ठ्या मोजायचं काम माझ्याकडे होतं. दर रविवारी फीस्टच्या वेळी प्रत्येकाने आवडत्या गाण्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं आणि सोमवारी सकाळी मेनूच्या फळ्याशेजारी पहिली दहा गाणी लागायची. नाव ठेवलं होतं 'मेसमाला'. पोरं पोहे घ्यायच्या आधी ती यादी वाचायची, भांडायची, शिव्या द्यायची. एकंदरीत मजा होती.

माझ्या रूमपार्टनरने त्या सुमारास स्वतः एक गाणं केलं. चाल त्याची, शब्द त्याचे, गिटार मागून आणलेली आणि रेकॉर्डिंग बाथरूमच्या पॅसेजमध्ये, कारण तिथे एको फुकटात मिळतो. गाणं बरं होतं, हे मी आजही म्हणतो. पण ते कुणी ऐकलेलंच नव्हतं, तर त्याला मत देणार कोण? म्हणून एका रविवारी रात्री मी डाव्या हाताने, उजव्या हाताने, तिरकं, सरळ, हिरव्या शाईत, पेन्सिलीने अशा चिठ्ठ्या लिहून काढल्या. सोमवारी गाणं थेट तिसऱ्या नंबरवर! पुढचे तीन आठवडे पहिल्या. मग हॉस्टेलचं नंबर एकचं गाणं म्हणून गॅदरिंगमध्ये त्याला सोलो मिळाला. पोरगा स्टेजवर गेला, गायला आणि धृपद आलं तेव्हा त्याने माइक पब्लिककडे धरला. समोर सहाशे पोरं. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. तो माइक तसाच धरून उभा राहिला आणि मी विंगेत तोंड लपवून.

मेसच्या मामांना मात्र आधीच कळलं होतं. रविवारी ताटं लागली होती १८४ आणि पेटीत चिठ्ठ्या निघाल्या २१९. हे त्यांनी मला नंतर अगदी शांतपणे, पोळ्या लाटता लाटता सांगितलं.

दिवाळीत घरी गेलो. आमचं गाव मुळशी तालुक्यातच, कोळवण खोऱ्यात. एसटीच्या वेळा आणि सबमिशनच्या वेळा जुळत नाहीत म्हणून हॉस्टेलला राहायचं, एवढंच. आजोबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं खरडपट्टी काढतील. ते आधी बराच वेळ हसले. मग कळलं की हा धंदा आमच्या घराण्यात जुनाच आहे. १९५५ साली, तेरा वर्षांचे असताना, त्यांनी आणि त्यांच्या एका दोस्ताने 'बिनाका गीतमाला'ला 'आझाद' सिनेमातल्या एका गाण्यासाठी सहा पोस्टकार्डं टाकली होती, सहा वेगवेगळ्या नावांनी. त्यातलं एक नाव वारलेल्या पणजोबांचं आणि एक गोठ्यातल्या बैलाचं होतं.

ते गाणं लताबाईंबरोबर ज्याने म्हटलं आहे त्याचं नाव चितळकर. आजोबांना कित्येक वर्षं वाटत होतं की चितळकर हा कुणी एक गायक आणि संगीतकार सी. रामचंद्र हा दुसरा कुणी माणूस. दोघे एकच, हे त्यांना फार उशिरा कळलं. मला तर त्या दिवाळीतच कळलं. सुट्टी संपेपर्यंत मी या माणसाच्या मागे लागलो होतो, आणि हा लेख त्यातूनच झाला.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. चांगदेवांची समाधी असलेलं, गोदाकाठचं हे गाव. मुलाला गाण्याची ओढ होती, म्हणून तो पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकला. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय. पण ओढ सिनेमाची. आणि सिनेमात जायचं ते गाण्यासाठी नाही, हिरो व्हायला! १९३५ च्या आसपास 'नागानंद' नावाच्या चित्रपटात तो खरोखरच नायक झाला. सिनेमा पडला. नंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामं मिळाली, तोंडाला रंग लावून गर्दीत उभं राहायची. तिथेच कुणाच्या तरी लक्षात आलं असावं की हा पोरगा तलवार धरण्यापेक्षा पेटी बरी धरतो. मिनर्व्हाच्या संगीत विभागात तो बुंदू खान आणि हबीब खान यांना हार्मोनियमची साथ करू लागला.

इथे जरा थांबतो, कारण मला ही वर्षं फार आवडतात. पडलेला हिरो पेटीवर बसून दुसऱ्यांच्या चाली वाजवतोय. आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूत पहिली कंपनी हुकली की पोरं दोन दिवस जेवत नाहीत.

संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती मराठीत नाही, हिंदीतही नाही, तर तमिळमध्ये. १९४० च्या सुमारास 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' हे दोन तमिळ चित्रपट त्यांनी केले. त्यामागे होते भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. पुढे हिंदीतला पहिला चित्रपटही भगवानदादांचाच, 'सुखी जीवन', साल १९४२. ही मैत्री लक्षात ठेवा, तिचा मोठा बार पुढे उडणार आहे.

या माणसाने नावं तरी किती वापरावीत! राम चितळकर, आर. एन. चितळकर, श्यामू, अण्णासाहेब, सी. रामचंद्र. संगीतकार म्हणून वेगळा, गायक म्हणून वेगळा. घरचे आणि इंडस्ट्रीतले लोक म्हणायचे अण्णा. १९४७ साली 'शहनाई' आला आणि त्यातलं रविवारी रविवारी भेटायला बोलावणारं गाणं गल्लोगल्ली झालं. १९४९ मध्ये 'पतंगा'तलं रंगूनहून टेलिफोन करणारं गाणं. शमशाद बेगमबरोबर ते गाणारा आवाज खुद्द अण्णांचाच, पण तबकडीवर नाव चितळकर.

तबकडीवरच्या नावाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या मध्यभागी जो गोल कागद चिकटवलेला असायचा, त्यावर काय छापायचं हे कंपनी ठरवायची. १९४९ च्या 'महल'मधलं लताबाईंचं गाणं गाजलं तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव होतं कामिनी. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही बाई कोण, तेव्हा कुठे खरं नाव बाहेर आलं. आता विचार करा. कोण लोकप्रिय आहे हे लोक ठरवतात असं आपण म्हणतो, पण लोकांपर्यंत नाव पोचू द्यायचं की नाही हे त्या चार बोटांच्या कागदावर अवलंबून होतं. मोठी हेराफेरी करायला चिठ्ठ्या लिहाव्याच लागतात असं नाही.

१९५१ साली 'अलबेला' आला. भगवानदादा निर्माते, दिग्दर्शक आणि नायक, संगीत अण्णांचं. सगळीकडे नुसता धुमाकूळ. या गाण्यांत ट्रंपेट, सॅक्सोफोन, बोंगो आहेत. गोव्याहून मुंबईत आलेले, हॉटेलांतून जाझ वाजवणारे वादक अण्णांनी हाताशी धरले होते. त्यातला एक ट्रंपेटवाला चिक चॉकलेट या नावाने ओळखला जायचा. 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो, यूट्यूबवर जाऊन बघा. विनायकबुवांचा शिष्य गोव्याच्या ट्रंपेटवाल्याला पुढे करतोय आणि त्याच सिनेमात लताबाईंकडून गाऊन घेतलेली अंगाईही आहे. १९५७ च्या 'आशा'तलं निरर्थक शब्दांचं ते प्रसिद्ध गाणं अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या मोजणीवरून सुचलं आणि त्यात जॉन गोम्स या गोवेकर साहाय्यकाने कोकणी शब्द घुसवले, असं सांगतात. आजही आमच्या हॉस्टेलच्या गॅदरिंगमध्ये ते वाजलं की सर लोकसुद्धा पाय हलवतात.

आता गीतमालेकडे येतो, कारण अण्णांचं आणि तिचं नातं पहिल्या वर्षापासूनचं.

१९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, शिक्षण काशीला आणि पॅरिसला. त्यांचं ठाम मत होतं की सिनेमासंगीत हलकं आहे आणि देशाच्या कानाला शास्त्रीय संगीताची सवय लावली पाहिजे. आकाशवाणीवर सिनेगीतांना कात्री लागली, त्यात निर्मात्यांच्या संघटनेशी वाद झाला आणि बघता बघता हिंदी सिनेगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. (आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी त्याआधीपासून, १९४० पासून होती. ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे अण्णांचं वाद्यही नको आणि गाणंही नको.) ही पोकळी भरून काढली रेडिओ सिलोनने. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बसवलेले दणदणीत शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर कोलंबोत तयारच होते. ३ डिसेंबर १९५२ ला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं आणि टेप कोलंबोला जायची. आधी सात गाणी वाजवून श्रोत्यांनी ती क्रमाने लावून पाठवायची आणि बक्षीस शंभर रुपये, असा प्रकार होता. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजार! मग स्पर्धा बंद करून सरळ हिट परेड सुरू झाली, तीच ती प्रसिद्ध पायदानं. देशाच्या आवडीला वळण लावायला निघालेल्या एका पुणेकर मंत्र्यामुळे देशातला सगळ्यात गाजलेला लोकप्रियतेचा तक्ता जन्माला आला, हा विनोद मला भारी वाटतो. पुढे केसकरांच्याच काळात, ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती सुरू करावी लागली.

गीतमालेच्या वर्षवार याद्यांमध्ये १९५३ च्या डोक्यावर जे गाणं आहे ते 'अनारकली'तलं, लताबाईंचं, संगीत सी. रामचंद्र. म्हणजे भारतातल्या या पहिल्या तक्त्यावरचा पहिला नंबर पुणतांब्याच्या रामाचा. गंमत अशी की हा सिनेमा मुळात त्यांचा नव्हताच. संगीतकार होते वसंत प्रकाश. त्यांच्याकडून काम सुटलं, फिल्मिस्तानने अण्णांना बोलावलं आणि वसंत प्रकाशांचं गीता दत्तने गायलेलं एक गाणं सिनेमात तसंच राहिलं. ते गाणंही छान आहे. पण तक्त्यावर कोण चढलं, हे सांगितलंच.

आमचे आजोबा हे सगळं ऐकायचे ते गावातल्या वाण्याच्या दुकानात. बुधवारी रात्री आठला अख्खी आळी तिथे. रेडिओ बॅटरीवरचा, कारण गावात वीज नव्हती. आपल्या तालुक्यात मुळशीचं धरण, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला ते. त्या पाण्याची वीज खाली भिऱ्याला तयार होऊन मुंबईला जायची. म्हणजे ज्या मुंबईत अण्णांची गाणी रेकॉर्ड व्हायची तिथे आमचं पाणी दिवे लावत होतं आणि आम्ही बॅटरी वाचवायला गीतमाला संपली की रेडिओ बंद करत होतो. असो.

मग हा तक्ता ठरायचा कसा? पत्रांवर ठरवावा तर आमच्या बैलालाही मत मिळतं. म्हणून मुख्य भर ठेवला होता रेकॉर्डच्या दुकानांतल्या विक्रीवर. ठिकठिकाणच्या मोठ्या दुकानांकडून आकडे मागवायचे. त्याला जोड म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं. मला विचाराल तर त्या काळाच्या मानाने ही रचना हुशारीची होती, एकाच मीटरवर विश्वास न ठेवता दोन मीटर लावण्यासारखी. अमेरिकेत याच दशकात काय चाललं होतं बघा. तिथे रेकॉर्ड कंपन्या रेडिओवर तबकड्या लावणाऱ्यांना सरळ पैसे चारायच्या. १९५९-६० मध्ये तिथल्या संसदेने चौकशी लावली. रॉक अँड रोल घराघरात नेणारा अ‍ॅलन फ्रीड त्यात अडकला, त्याची नोकरी गेली, १९६२ मध्ये त्याने लाचेचा गुन्हा कबूल केला आणि १९६५ साली तो वारला. 'बिलबोर्ड'चा तक्ता तर १९९१ पर्यंत दुकानदारांनी तोंडी सांगितलेल्या क्रमावर चालायचा. त्या वर्षी बारकोड मोजायला लागल्यावर यादीचा चेहराच बदलला. २००५ मध्ये सोनी बीएमजीला न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीत गाणी वाजवण्यासाठी दिलेल्या भेटवस्तूंपायी एक कोटी डॉलर्स भरावे लागले. आणि २०१९ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की जाहिरात करून मिळवलेले व्ह्यूज पहिल्या चोवीस तासांच्या विक्रमात धरणार नाही. थोडक्यात, तिथे पेटीत चिठ्ठ्या कोंबणारा मी पहिला नाही.

आपल्याकडे पन्नासच्या दशकात कंपन्यांनी हे केलं का? मला जेवढं कळलं त्यावरून माझं मत असं की कंपनीला तसं करायची फारशी गरजच नव्हती. एचएमव्ही आणि कोलंबिया ही दोन्ही लेबलं एकाच ग्रामोफोन कंपनीची, कारखाना एकच, कलकत्त्याजवळ डमडमला. पहिला नंबर कुणाचाही येवो, तबकडी त्यांचीच विकली जाणार! स्पर्धा होती ती निर्मात्यांत आणि संगीतकारांत. दुकानातून आपल्याच तबकड्या परत विकत घ्यायचा मोह त्यांना होऊ शकत होता, कंपनीला नाही. कंपनीची ताकद वेगळ्या जागी होती. कुठलं गाणं तबकडीवर घ्यायचं, किती प्रती काढायच्या, कुठल्या दुकानात किती पाठवायच्या. जी तबकडी दुकानात पोचलीच नाही ती खपणार कशी, आणि खपली नाही तर तक्त्यावर येणार कशी? तक्त्यावर आली की रेडिओवर वाजणार, वाजली की अजून खपणार. माइक स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी येते ना, तेच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी याला नाव द्यावं. तक्ता मोजतो खरा, पण मोजता मोजता वाढवतोही. आणि आमच्या गावात एकही ग्रामोफोन नव्हता, तेव्हा विक्रीच्या मीटरवर कोळवण खोऱ्याची आवड नेहमीच शून्य.

पण अगदीच ठरवून सगळं होत होतं असंही नाही. १९५७ सालचा पहिला नंबर बघा, 'जनम जनम के फेरे'. पौराणिक धाटणीचा सिनेमा, संगीतकार एस. एन. त्रिपाठी. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर, नौशाद अशी मोठी मोठी नावं बाजारात असताना! ज्याच्यामागे मोठी कंपनी नाही त्याचं गाणं वर्षाच्या डोक्यावर जातं, म्हणजे पेटीत खऱ्या चिठ्ठ्याही पडत होत्या.

अण्णांची सगळ्यात दमदार वर्षं म्हणजे १९५१ ते ५५. 'आझाद'ची हकीकत तर इंजिनिअरिंगच्या पोरांनी पाठ करावी. दक्षिणेतल्या निर्मात्याला, श्रीरामुलू नायडूंना, महिन्याभरात सगळी गाणी हवी होती. नौशादांनी एवढ्या घाईत काम करायला नकार दिला. अण्णांनी हो म्हटलं आणि ठरल्या वेळेत नऊ गाणी तयार करून दिली. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलं पूर्ण करतो तसं, फरक एवढाच की त्यांचं काम सत्तर वर्षांनी अजून वाजतंय. त्यातलंच एक द्वंद्वगीत आजोबांच्या पोस्टकार्डांवरचं. दिलीपकुमारसाठी तलत महमूद हवे होते, ते मिळाले नाहीत, तेव्हा अण्णा स्वतः माइकसमोर उभे राहिले आणि तलतच्या ढंगाने गायले. मी ते हेडफोन लावून पंधरा-वीस वेळा ऐकलं. चिक चॉकलेटचा ट्रंपेट वाजवून घेणारा हाच माणूस, हे कानाला पटत नाही.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडे लताबाईंशी अण्णांचं बिनसलं. कारणं काय, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहून-बोलून झालं आहे आणि त्यात पडायची माझी इच्छा नाही. परिणाम मात्र कानाने मोजता येतो. १९५९ चा 'नवरंग' घ्या, गाणी आशाताईंची आणि महेंद्र कपूरची. उत्तम गाणी. 'पैगाम' त्याच वर्षीचा. १९६१ मध्ये 'स्त्री', १९६३ मध्ये 'बहुरानी'. पण चित्रपट कमी कमी होत गेले. एकदा तक्त्यावरून नाव खाली घसरलं की निर्माते दाराशी येत नाहीत, आणि निर्माते आले नाहीत की नाव तक्त्यावर येत नाही. शिट्टीचं उलटं. याला हेराफेरी म्हणायची का? मला नाही वाटत. कुणी चिठ्ठ्या कोंबल्या नाहीत, कुणी काढल्याही नाहीत. काळाचा कान बदलला आणि त्यांच्या सुरांना सगळ्यात जास्त शोभणारा आवाज त्यांच्यापासून दूर गेला, एवढंच पुरेसं होतं.

आणि नेमकं त्याच उतरणीवर त्यांचं सगळ्यात मोठं गाणं आलं, कुठल्याही सिनेमात नसलेलं. चीनच्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ ला, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीप यांचं शहीद जवानांवरचं गीत म्हटलं. चाल सी. रामचंद्रांची. दुरावा बाजूला ठेवून दोघं त्या एका गाण्यासाठी एकत्र आली. आज २६ जानेवारीला आमच्या कॉलेजच्या झेंड्याखाली लाउडस्पीकरवर जे वाजतं ते हेच. चाल कुणाची, हे मी शेजारच्या रांगेत विचारून बघितलं. सात जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. गाण्याची रॉयल्टी युद्धात वारलेल्या जवानांच्या विधवांसाठी द्यायची असं ठरलं होतं. ते प्रकरण शेवटी मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला लष्कराच्या त्या निधीत दहा लाख रुपये भरायला सांगितलं. बेचाळीस वर्षांनी. पहिला नंबर कुणाचा हे मोजायला दर आठवड्याची यंत्रणा होती, पैसे कुणाला गेले हे मोजायला कोर्ट लागलं.

शेवटच्या वर्षांत अण्णा मराठीकडे जास्त वळले. त्याआधी १९५२ मध्ये भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' त्यांनी केलाच होता. १९६६ मध्ये 'धनंजय' काढला आणि त्यात कामही केलं, म्हणजे 'नागानंद'मधला हिरो तीस वर्षांनी पुन्हा जागा झाला. गदिमांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली दिल्या. १९७० च्या 'घरकुल'ची गाणी तर अजून रेडिओवर लागतात. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ ला, वयाची चौसष्ट वर्षं पूर्ण व्हायला आठवडा असताना, मुंबईत ते गेले.

दिवाळीनंतर हॉस्टेलला परत आलो आणि 'मेसमाला' बंद केली. पेटी मामांनी कांदे ठेवायला घेतली. रूमपार्टनर गॅदरिंगबद्दल एक शब्द बोलला नव्हता, मीही काढला नव्हता. एक दिवस तो आमच्या ब्लॉकच्या जिन्यात बसून मोबाईलवर 'आझाद'मधलं ते द्वंद्वगीत लावून गिटारवर त्याचे कॉर्ड शोधत होता. माझ्या हेडफोनमधून इतके दिवस झिरपत होतं ना. कॉर्ड काही केल्या सापडत नव्हते. मी शेजारी बसलो आणि चिठ्ठ्यांचं सगळं सांगून टाकलं. त्याने गिटार खाली ठेवली नाही, वर बघितलंही नाही, फक्त पुढचा कॉर्ड लावून पाहिला.

हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी त्याला वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि ताटांच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्या रविवारी ताटं १८४ नव्हती, १८१ होती. गॅदरिंगच्या दुसऱ्याच दिवशी त्याने मामांकडे जाऊन रजिस्टर बघितलं होतं.

वर मी माझा आकडा तसाच ठेवला आहे.